उरलेली अर्धी

लिओनीने लोकरीच्या पावतीमागे बेरीज मांडली:
परदेशातल्या एका अर्जाची फी
म्हणजे बापाने भादरलेल्या नव्वद मेंढ्या.
लोकर परत उगवते,
फी परत मिळत नाही.

सदरलंडचा जुलै.
आई पाहुण्यांच्या खोल्या झाडते.
ते येतात आकाश बघायला,
तिच्या वाट्याला त्यांच्या चादरी,
गोठून पत्र्यासारख्या दोरीवर उभ्या.

डोंगरावर घुमट उघडतो तेव्हा
गावाने दिवे मंद ठेवायचे.
खगोलशास्त्राला गावाचा
आजवरचा हातभार एवढाच.

तिसरं माहितीपत्रक पातळ.
दुर्बिणीचा फोटोसुद्धा नाही.
एम.एस्सी., दोन वर्षं,
पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलंत तर फी अर्धी,
स्वयंपाकघर सामाईक.
तिने तिथेच खूण केली.

आब्राम कात्रीला तेल देत म्हणाला,
"तारे तर दारात आहेत,
त्यांच्यासाठी केपटाउनला भाडं भरायचं?"

"मेंढ्याही दारातच होत्या, बाबा.
भादरायला कुणाकडे शिकलात?"

तो हसला नाही.
पावती उलटी करून
लोकरीच्या वजनाचा आकडा बघत राहिला.
बोटं पुसली.
मग म्हणाला,
"आणि ती उरलेली अर्धी,
ती किती?"