कोरा नमुना

पहाटे चार वाजता गुजरीत जो झाडू फिरतो
तो पालिकेचा नसतो.
आई आणि इंदूमावशी,
सराफांच्या पायऱ्यांखालची धूळ,
गटारीच्या तोंडाचा गाळ
घमेल्यात भरून पंचगंगेवर नेतात
आणि पाण्यात पाटी गोल गोल फिरवत राहतात,
माती निघून जाईपर्यंत.
उरतं ते काळं, जड.
त्यात पारा. मग आग.
मग मोहरीएवढा मणी,
कुणाच्या तरी साजावरून कानस फिरताना निसटलेला.

माझी फी अशीच भरली गेली,
मोहरी मोहरीनं.

आता विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर,
मीही सोनंच उकळतो.
फिकट पिवळं पाणी, त्यात सायट्रेट.
क्षणभर रंग जातो,
मग दौत सांडल्यासारखं काळंनिळं,
आणि बघता बघता
डाळिंब पिळावं तसं लाल.

एकदा बाटली घरी आणली.
आईनं ती बल्बसमोर धरली.
"ह्ये सोनं?"
"होय."
"बुडाला तर काय बसलं न्हाई."
बुडाला बसतं ते सोनं,
हा तिचा चाळीस वर्षांचा नियम.
"बसत नाही आई. इतकं बारीक आहे की तरंगतच राहतं."
"मग पाटीत गावायचं कसं?"
"गावत नाही."
दुसऱ्याचं मूल परत द्यावं
तशी तिनं बाटली परत दिली.

ताप आल्याच्या पहिल्या दिवशी
रक्तात डेंगीची खूण असते, पण नावापुरती.
तिला चिकटवलेला रंग चमकतो,
यंत्राला मात्र दिसत नाही.
शेजारी सोनं असलं तर चमक वाढते,
असं वाचलं होतं.
सात महिने मी सोनं रंगाला अगदी भिडवत राहिलो.
उजेड वाढणं दूरच,
होता तोही सोनं गिळून टाकायचं.
आपल्या गल्लीतही सोनं असंच वागतं,
पण हे प्रबंधात लिहिता येत नाही.

इंगवले मॅडम चहा ओतता ओतता म्हणाल्या,
"अंतर ठेव रे दोघांत."
मग मी सोन्याच्या प्रत्येक कणावर
काचेचं अस्तर चढवलं, दहा नॅनोमीटर,
केसाच्या जाडीचा आठ हजारावा भाग.
नऊ वेळा बिघडलं.
दहाव्या वेळी, रात्री पावणेदोनला,
काळ्या पडद्यावर एक ठिपका पेटला.
सांगायला कुणी नव्हतं.
वॉचमन तातोबांना उठवून दाखवला.
ते म्हणाले, "बरं हाय. आता जेवलास का?"

पुढं ताडून बघायला
निरोगी माणसाचं रक्त हवं होतं.
आई म्हणाली, "माझं घे की."
रविवारी ती आली, चपला दाराबाहेर काढून.
शमीमनं दंडाला पट्टा बांधला.
हात थरथरत होता, सुईला भिऊन नव्हे.
तो पाऱ्याचा थरकाप. मला माहीत आहे,
तिलाही माहीत असावं.
माझं यंत्र तो शोधत नाही.
फॉर्मवर 'निरोगी' अशी चौकट होती.
पेन तिथं थोडं थांबलं,
मग मी खूण केली.

दोन तासांनी पडदा काळाच.
एक कणही पेटला नाही.
इतका सुंदर अंधार मी आधी पाहिला नव्हता.

"उजेड पडला का रं?"
"नाही आई. काहीच नाही."
"आणि माझ्यापायी येवढं सोनं वाया गेलं?"

उत्तर शोधत होतो तोवर
तिनं टेबलावरची एक कोरी काच उचलली,
खिडकीकडं धरली,
आणि सवयीनं, हलकेच,
गोल गोल फिरवली.