लॉट नंबर

खदान बंद पडून बारा वर्षं झाली.
काळ्या दगडाच्या भिंतीसमोर आता
हबीब वेल्डरनं कापलेली जनावरं उभी असतात:
चाळीसवर कोंबड्या, साठवर डुकरं,
पार शंभरावर मेंढे,
आणि त्यांच्या अलीकडे, सत्याहत्तरवर, पक्षी.

नियमात टर्की आहे.
हबीबनं टर्की पाहिलेली नाही. मीही नाही.
देवमन मेश्राम म्हणाले, "मी काढतो तसा काप,"
आणि धुळीत बोटानं काढला एक
लांब मानेचा, गळ्याशी फुगलेला.
तो माळढोक होता हे मला फार नंतर कळलं.

देवमन वनखात्यातून रिटायर.
रायफल क्लबची, पॉइंट टू-टू,
दस्त्यावर आधीच्या कुणाच्या तरी गालाचा घाम मुरलेला.
वही माझ्याकडे. मी नववीला विज्ञान शिकवते;
दशांश चिन्ह चुकत नाही, एवढीच पात्रता.

आज तीन डब्या.
पिवळीतल्या गोळ्यांना तांब्याचा मुलामा,
वीज जाते म्हणे.
निळी स्वस्त.
पांढरीवर कसलीच फुशारकी नाही,
फक्त कडेला, बारीक, लॉट नंबर.
देवमन चष्मा कपाळावर चढवून तो वाचतात,
जसं मृगाआधी कृषी केंद्रात एखादा
पाकिटावरच्या टपोऱ्या बोंडाकडे न बघता
सरळ मागची बाजू वाचतो.
"नाव तेच, डबी तेच," ते म्हणतात,
"पण लॉट बदलला का पोरगं दुसऱ्या घरचं समजजो."

पिवळीच्या पाच.
शंभरावरच्या पुठ्ठ्यावर भोकं पांगली
कोंबड्यांना फेकलेल्या ज्वारीसारखी.
"आवाजाच्या म्होरं पयते,
अन् मधातच आवाज तिले गाठते.
तवा डगमगते थे."
हेच मी वर्गात शिकवते,
याहून लांबवून, याहून वाईट.

निळीतली दुसरी उडालीच नाही.
नळी भिंतीकडे धरून तीसपर्यंत मोजलं.
एक टिटवी ओरडत गेली.
कोणी काही बोललं नाही. निळी बाजूला.

पांढरी हळू.
आवाजही ओशाळलेला, टाळी द्यावी की नको असा.
पाच भोकांवर मी पाचाचं जाडं नाणं ठेवलं,
एका भोकाची कड तेवढी बाहेर राहिली.
"रायफलीले आवडली," देवमन म्हणाले.
"आपल्याले काय आवडते, हे थे इचारतच नाही."

पण मेंढा?
मेंढा जड. नुसता वाजला तर शून्य,
पडला तर एक.
पायाला लागलं की टण् करतो आणि उभाच राहतो,
बिल मागायला आलेल्यासमोर काही माणसं राहतात तसा.
देवमननी खांदा धरला.
गोळी सुटली, मग एक रिकामी जागा,
मग टण्,
मग मेंढा विचार केल्यासारखा मागे झुकला.

डुकरं पडली तेव्हा हबीब हसला.
त्याच्या साडूच्या तुरीत काल रात्री
खरी सात शिरली होती.

मग पक्षी.
पाच पक्षी, पाच गोळ्या, त्याच पांढऱ्या डबीतल्या.
देवमननी प्रत्येक वेळी श्वास जास्तच धरला.
पाचही वेळा मागच्या दगडातून धूळ उडाली,
प्रत्येक पक्ष्याच्या डोक्यावर
बरोबर वीतभर.

"लॉट बदलला वाटते," ते म्हणाले.
मी डबी उलटी करून पाहिली. नंबर तोच.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वारा.
समोरच्या बाभळीचं पान हलत नव्हतं.

हबीब विचारत होता, पक्षी जरा मोठा कापू का.
देवमन वाकून पितळी टरफलं वेचत होते,
मोजत,
क्लबात हिशेब द्यावा लागतो म्हणून.