एकशे आठ खांब

गढीच्या फाट्यावर सकाळी सहाला
लाउडस्पीकरवाला वरातीच्या आवाजात नंबर पुकारत होता:
एकशे सतरा, रत्ना ढोके, वीज कंपनी.
कागद छातीवर, चार सेफ्टीपिना साडीच्या डब्यातल्या.

चौदा किलोमीटर. सात वर, सात खाली.
खरी शर्यत एकवीसची, नागपूरला, जानेवारीत,
सपाट, रुंद रस्त्यावर.
"मंग घाट काहून पळवता, सर?"
मोटघरे सर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले,
"सपाटावर म्हैसबी पळते, रत्ना."

तूर फुलली होती, धुकं तिच्या कमरेपर्यंत.
बाकीचे किलोमीटर मोजतात, मी खांब.
अकरा केव्हीची लाइन, पायथ्यापासून वनखात्याच्या नाक्यापर्यंत
एकशे आठ.
बाराव्याचा इन्सुलेटर मीच बदललेला.
सव्विसाव्यावर आग्या मोहोळ, तिथून पळावंच लागतं.
एकतिसावा सागाच्या अंगावर कललाय,
दर पावसाळ्यात अर्ज,
दर पावसाळ्यात "पुढल्या वर्षी पाहू".

चूक पहिल्या वीस खांबांतच झाली.
परतवाड्याच्या पोरांचे निळे टी-शर्ट पुढं दिसले
आणि मी त्यांच्या मागं लागले.
एक फेज गेलेली मोटर अशीच चालते:
घुमते, फिरते, तापते,
आणि वास आल्यावर कळतं.

वास आला चाळिसाव्याला.
पुढं ते वळण, जिथं एसटीतल्या बाया
बोलणं थांबवून समोरची दांडी धरतात.
मी पळत होते.
शेजारून एक म्हातारा चालत होता,
हात पाठीमागं, काखेत पिशवी, लेकीकडे निघालेला.
एक खांब गेला, दुसरा गेला,
तो चालतोय, मी पळतेय,
आणि आम्ही बरोबर.
"कोठी चालली व माय, एवढ्या घाईनं?"
"वर."
"वर कोन हाये?"
उत्तराला दम लागतो. तो नव्हता.
मग मीही चालले.

लाज वाटली. अर्धा खांब.
नंतर छातीतली शिवण हळूहळू सैल झाली,
धावड्याच्या पानांतून ऊन खाली उतरलं,
आणि पाय आपणहून पळायला लागले.

ब्याऐंशीवा.
जुलैतल्या रात्री याच्यावर होते मी,
दातांत टॉर्च, कमरेला पट्टा, पाऊस आडवा.
जोडणी झाली तेव्हा खाली एकेक गाव उजळलं
आणि कोणी वर पाहिलं नाही.
आज नाक्यावरची चार पोरं टाळ्या वाजवत होती,
हातात संत्र्याच्या फोडी.
एकानं तळहातावर स्केचपेननं फुली मारली,
निळ्या ड्रमाला वळसा घातला, झालं.

उतार सोपा असतो म्हणणारा
कधी खांबावरून उतरला नसेल.
आमच्यात माणसं पडतात ती उतरतानाच,
काम झालं, या आनंदात.
म्हणून लहान पावलं टाकली, गुडघे नरम ठेवले.
निळे टी-शर्ट एकेक मागं पडले.
तिसरा कठड्यावर पोटरी धरून बसलेला,
त्याचा अंगठा मागं ओढून धरला मिनिटभर,
किंचाळला, मग "थँक्यू काकू" म्हणाला.
काकू म्हटलं नसतं तरी चाललं असतं.

म्हातारा अजून चढतच होता.
"भेटलं का वर कोनी?"
"ड्रम भेटला, बाबा."
त्याचं हसू पुढल्या वळणापर्यंत ऐकू आलं.

एक तास अडतीस. बायांमध्ये नववी.
सर घड्याळाकडे नाही, माझ्या पावलांकडे पाहत होते.
केळ सोललं तोच सबस्टेशनवरून फोन:
"ढोके ताई, फीडर गेला. एकतिसावा बसला खाली."
"आत्ता दोनदा त्याच्यासमोरून गेले मी!"
"मंग तिसऱ्यांदा जा न."

गाडीला किक मारताना मांडी थरथरली.
पट्टा, हातमोजे, पकड.
घाईत कागद काढायचा राहिला,
आणि दुपारी बाराला, सागाच्या सावलीत,
एकशे सतरा नंबर
एकतिसाव्या खांबाजवळ उभा होता.