डब्यातलं घड्याळ

कंटेनर म्हणजे काय रे, आईनं विचारलं.
म्हटलं, डबा.
आत सगळं त्याचं त्याचं: त्याच्या फायली, त्याचे हक्क, त्याचं घड्याळ.
बाहेर धायरीत काय चाललंय, त्याला गंधवार्ता नाही.
"म्हणजे मेसच्या डब्यासारखा?"
नाही गं. म्हणजे, हो.
घासायला टाकला की आतलं सगळं जातं.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर.

उत्पलनं आइंडहोवनहून ग्रुपवर दुवा टाकला.
तालमींची रेकॉर्डिंग्ज, अडतीस जीबी.
दोन हजार अकराचा ऑगस्ट, कॉलेजच्या सायकल स्टँडवरची गच्ची,
आम्ही अकरा जण, एक माइक,
आणि खाली नदीपात्रात ढोल पथकाचा सराव,
जो आमच्या प्रत्येक वाक्यात शिरायचा.

दोन रात्री उतरवलं. तिसऱ्या दिवशी अ‍ॅपची नवी आवृत्ती आली,
जुना डबा काढला, नवा ठेवला,
आत बघतो तर झाडूनपुसून मोकळी खोली.
बाहेरचं फोल्डर आत जोडायचं असतं म्हणे,
भिंतीला भोक पाडून. एका ओळीचं काम.
ती ओळ मी लिहिलीच नव्हती.

उत्पल म्हणाला, परत लाव, आणि लवकर लाव,
माझी डिस्क खरखरायला लागलीय.

नेमका गुरुवार.
गुरुवारी आमच्याकडे पाणी नसतं,
आणि अकराला वीजही जाते, देखभालीच्या नावाखाली.
चारला वीज आली तसा डबा आपणहून उठला
(एवढं मात्र लिहून ठेवलं होतं:
मी मुद्दाम थांबवेपर्यंत थांबू नकोस)
आणि सत्त्याण्णव पूर्णांक तीनवर जाऊन
अडकला.
तिकडे उत्पलची डिस्क गेली होती.

नऊ दिवस सत्त्याण्णव पूर्णांक तीन.
ग्रुपवर विचारलं, कुणाकडे पूर्ण आहे का?
चार अंगठे आले. एक जोडलेले हात.
महेंद्र म्हणाला, आता ऐकून काय करणारेस.

ग्रुपवर आम्ही दहा आहोत.
अकरावीला कुणी काढलं नाही,
तिला कुणी घेतलंच नव्हतं.
दिग्दर्शनाचा करंडक माझ्याकडे आहे, टीव्हीच्या वर.
दुसरा प्रवेश तिनं बसवला होता.
बक्षीस समारंभात मी सगळ्यांचे आभार मानले,
चहावाल्याचेसुद्धा.

दहाव्या रात्री पाणी प्यायला उठलो
तर पडद्यावर: जोडलेले, एक.
नुसते आकडे. नाव नाही, गाव नाही.
सत्त्याण्णव पूर्णांक चार.
पाच.
कुणीतरी जिना चढून येतंय आणि मधेच थांबतंय, तसं.
मी पंखा बंद केला. का, माहीत नाही.
शंभर झाले आणि ते आकडे गेले.

म्हणजे कुणाकडे तरी पूर्ण होतं,
पहिल्याच आठवड्यात उतरवून घेतलेलं, न सांगता.
दुवा तिथवर कसा पोचला, ते विचारायची
माझी प्राज्ञा नाही.

भिंतीवर तीन बावीस.
डब्याच्या नोंदीत नऊ बावन्न, आणि तारीख कालची.
त्याचं घड्याळ लावायचं राहिलंय,
साडेपाच तास मागे जगतो तो.
नऊ बावन्नला आम्ही दुसरा प्रवेश घ्यायचो.

फायलीचं नाव बदलायला गेलो तर परवानगी नाही.
माझं घर, माझी डिस्क, वीजबिल माझं,
मालक म्हणून नाव मात्र दुसऱ्याचं.
वाचता येतं, ऐकता येतं, हात लावता येत नाही.

ऐकलं.
ढोल. खोकला. मग तिचा आवाज, माइकपासून लांब:
"सलील, तू नको सांगूस. त्याला स्वतःला सापडू दे."
मग पुन्हा ढोल, बराच वेळ.

मालकी बदलायची आज्ञा सोपी असते,
दोन सेकंद लागत नाहीत.
टाइप करून ठेवलीय. एंटर दाबलेलं नाही.

डबा चालूच ठेवलाय,
कुणाला लागलंच तर.
गुरुवारचे अकरा ते चार सोडून.