कसर

रात्री साडेअकराला डेस्कवर बातमी आली:
सीताबर्डीच्या सभेत वक्ते म्हणाले, टोळधाड.
माणसांना.
कामठी रोडच्या बंद गोदामात उतरलेल्या
एकोणीस कुटुंबांना.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक शशिकला दंढारे म्हणाल्या,
हा शब्द दुसऱ्या एका देशात आधी वापरून झालाय,
पुढे तिथे काय झालं
ते आपण नववीच्या पोरांना शिकवतो.

झालं.
मग चार दिवस मी तुलनेच्याच बातम्या लावल्या.
तुलना अस्थानी. तुलना रास्तच. तुलनेबद्दल माफी मागा.
कुठे तिथल्या छावण्या, कुठे आपलं नागपूर!
या गदारोळात टोळधाड मागच्या दाराने सटकली,
एकोणीस कुटुंबं पान सातवर गेली,
आणि सातवर साड्यांच्या सेलची जाहिरात आली.

टोळ मी पाहिलेत.
काटोलला, मामेभावाच्या संत्र्यांवर.
थाळ्या वाजवून हाकलले आम्ही.
टोळाला थाळीचा आवाज कळतो,
ती रिकामी आहे हे कळत नाही.
लोंढाही पाहिलाय,
अंबाझरी भरून वाहिला त्या पहाटे.
आमचा फ्रिज तरंगत दारापर्यंत आला होता.
लोंढ्याच्या कडेवर मूल नव्हतं.

पाचव्या दिवशी ग्रंथालयात
अठ्ठेचाळीस सालचा गठ्ठा उघडला.
तिसरा कॉलम, खालून चौथी ओळ:
'सिंधहून आलेले', आणि पुढे भोक,
त्यापुढे 'स्टेशनाबाहेर पडून आहेत'.
कसरीने नेमका शब्द खाल्लेला.
मी पेन्सिलीने जागा मोजली. दोन अक्षरं.
लोंढे बसतं.
टोळ बसतं.
लोक, हेही बसतं.

तसाच जरीपटक्याला गेलो, होतचंद गिडवाणींकडे.
तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आता कान गेलेत.
ओरडून विचारलं, तेव्हा तुम्हाला काय म्हणायचे?
'शरणार्थी म्हणत ना भाऊ.
बाप चिडायचा. म्हणे, मी कुणाला शरण आलो?
पुरुषार्थी म्हणा.'
हसले. पापडाचा तुकडा माझ्याकडे सरकवला.
आणि हे गोदामातले?
हसू थांबलं.
'त्यांची गोष्ट वेगळी आहे. तुलना नको करू.'

मी चपला घालत होतो, तेव्हा मागून आवाज आला,
'पण पाणी आहे का तिथे?
आम्हाला पहिले तीन दिवस नव्हतं.'

कसर कागदातली असते, माणसातलीही.
कुठली कुणी भरायची, मला नाही सांगता येत.

रात्री मथळा लावला:
गोदामातल्या एकोणीस कुटुंबांना पाणी नाही.
वृत्तसंपादक चष्म्यावरून बघत म्हणाले,
'हे कुणाला उत्तर आहे?'
कुणालाच नाही, म्हटलं,
आणि पान सोडलं.