सहा क्विंटल तीस

उजेडाच्या पेटीवर दोन फिल्मा लावल्यात मी,
शेजारी शेजारी.
डावीकडं अण्णा. नागनाथ, वय एकसष्ट,
हमाल, लातूर मोंढा.
उजवीकडं मन्मथ, वय एकतीस.
धंद्याचा रकाना कोरा.

पाचव्या न् सहाव्या मणक्यातली फट
दोघांचीही बुजत आलेली.

रजेवर आला की तो मान वळवत नाही.
हाक मारली तर अख्खा वळतो, कपाटासारखा.
हातांवर तांबडे ठिपके बघून आई म्हणाली,
गोवर उठलाय का रे, लिंबाचा पाला आणू?
तो म्हणाला, विमान वळताना रक्त खाली दाबतं आई,
बारक्या शिरा फुटतात. जाईल दोन दिवसांत.

अण्णांनी एवढंच विचारलं,
वजन किती पडतं?
नऊपट.
सात नव्वं त्रेसष्ट, अण्णा पुटपुटले.
सहा क्विंटल तीस. कुणाचा माल?
माझाच मी, अण्णा.

थप्पीच्या फळीवर चढताना अण्णा
पोट आवळायचे, मांड्या आवळायचे,
दातामागं हुंकार दाबून ठेवायचे
न् मोजून श्वास घ्यायचे.
मन्मथ हसला, मग हसता हसता मान धरून थांबला.
बंगळुरूला गरगर फिरणाऱ्या खोलीत बसवून
सरकारनं मला हेच शिकवलं, म्हणाला,
तीन सेकंदाला एक श्वास.

आधी रंग जातात.
मग कडा.
मग आडाच्या तळातून दिसावं
तेवढंच गोल आभाळ. मग तेही मिटतं,
पण ऐकू येत राहतं थोडा वेळ.

एकदा त्या खोलीत शुद्धच गेली त्याची.
डोळे उघडल्यावर डॉक्टरनं नाव विचारलं,
तर हा म्हणाला: लाभ.
डॉक्टरला काय कळणार,
मोंढ्यात पहिल्या पोत्याला कुणी एक म्हणत नाही.

ताई, माझं काम लिहू नको कागदावर,
हे फोटो तिकडं दिसले तर खाली बसवतील मला.

अण्णा बाकड्यावर, टॉवेलची चुंबळ मानेखाली घेऊन.
डोळे न उघडता म्हणाले,
हमाल लिही की.

पेनाचं टोपण काढून बसलेय मी केव्हाची.
बाहेर पुढचा पेशंट खोकलालाय.