तुलनेचा तक्ता

आठवी ब. तास पाचवा.
फळ्यावर पट्टीने रेघा ओढते:
देश. दरडोई पाणी. एका खोलीत माणसं. सरासरी आयुष्य.
खडू मध्येच तुटतो,
नॉर्वेची रेघ जराशी घसरते.

"सरासरी म्हणजे काय, बाई?"
सगळ्यांचं एकत्र करायचं,
आणि सगळ्यांत सारखं वाटायचं.
"मग वाटतात का?" तन्झिला.
नाही ग, वाटत नाहीत. नुसतं मोजतात.
ती वहीत उतरवून घेते: नुसतं मोजतात.
परीक्षेत हे लिहू नकोस, असं सांगायचं राहूनच गेलं.

गृहपाठ साधा होता:
घरात दिवसाला किती लिटर पाणी लागतं?
बावीस वह्यांत एकही लिटर नाही.
अकरा हंडे. दोन कळश्या आणि एक तेलाचा डबा.
निळा ड्रम, पण त्यातला अर्धा हलीमाखालांचा.
मंगळवारी काहीच नाही.
सम्राट शेजवळने वेळ लिहून आणली:
पहाटे सव्वाचार ते पाच, आईची झोप.
"बाई, ही कुठल्या रकान्यात?"

मग आम्ही हंड्याचे लिटर केले.
लोखंडेमामांनी शाळेचा हंडा दिला,
मुलांनी आपापल्या बाटल्या ओतल्या,
चौदा आत, एक फरशीवर.
वर्ग हसला. तन्झिला हसली नाही.
"पंधरा धरा," म्हणाली,
"सांडलेलं पण आणावंच लागतं."

पुस्तकातल्या तक्त्यात उजेडाचा रकाना नव्हता.
तो विघ्नेशने मागून घेतला.
लल्लूभाई कंपाउंडात खिडकीतून हात लांबवला
तर समोरच्यांच्या कुंडीतली कोथिंबीर खुडता येते,
म्हणून तळमजल्यावर भरदुपारी ट्यूब.
मी म्हटलं, नॉर्वेच्या पार उत्तरेला
हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही.
वर्ग गप्प.
मग विघ्नेश, जुना शेजारी सापडावा तसा:
"म्हणजे ते पण तळमजल्यालाच!"

पंधरा वर्षं हा धडा शिकवतेय.
त्या ओळीतल्या माणसांची
कुणाला काळजी वाटलेली पहिल्यांदाच पाहिली.
"त्यांचं लाइटबिल किती येत असेल हो?"

इझहार शेवटच्या बाकावर.
त्याचे अब्बा दोह्याला, क्रेनवर.
कतारपुढच्या उत्पन्नाच्या आकड्याला
एवढी शून्यं, की फळ्यावर
मला शेजारच्या रकान्यात सरकावं लागलं.
तो उभा राहिला.
"बाई, अब्बांच्या खोलीत आठ जण. एसी आहे.
पाणी चोवीस तास.
अब्बांना कतारमध्ये धरायचं का मानखुर्दमध्ये?"
झोपतात तिथे, मी म्हटलं, नियम तसा आहे.
"पण जेवतात आमच्यात.
फोन ताटाला टेकवून ठेवतो आम्ही.
अम्मी विचारते, मीठ बरोबर आहे ना,
ते हो म्हणतात."

मी दोन देशांच्या मधल्या रेघेवरच लिहिलं:
इझहारचे अब्बा.
अक्षरं थोडी वर, थोडी खाली.

"आणि बाई, तुमचं?"
घंटेला अजून चार मिनिटं होती.
दोन खोल्या, मी म्हटलं.
त्यातली एक पडदा आहे, हे नाही म्हटलं.
प्रतीक्षानगर, ट्रान्झिट कॅम्प,
तात्पुरता मुक्काम, एकोणिसावं वर्ष.
बहुतेक माझा चेहरा घसरला,
कारण सम्राटने विषय बदलला.
एवढासा मुलगा, त्याने विषय बदलला.

पुढचा तास घरतसरांचा, गणिताचा.
फळा पुसायला त्यांनी डस्टर उचललं आणि ठेवलं.
कोपऱ्यात कुणीतरी लिहून ठेवलं होतं,
पुसू नये. काम चालू आहे.
सरांनी उरलेल्या वीतभर जागेत समीकरण सोडवलं.

आज पहाटे सव्वाचारला
नळाखाली हंडा लावून उभी होते.
समोरच्या चाळीत तीन ट्यूब लागलेल्या.
धार बारीक. मोजत राहिले, बाटल्यांत.
नऊ. दहा.
सम्राटच्या आईचा रकाना
अजून रिकामाच ठेवलाय मी.